बेट पडद्यावर, सूर स्टुडिओत : प्रारंभीच्या द्वीप-संगीतपटांतील शब्दांचा प्रश्न

१९२८ ते १९४२ या काळात अमेरिकन चित्रपटसृष्टीने प्रशांत महासागरातील बेटांच्या पार्श्वभूमीवर अनेक गाणारे चित्रपट काढले. त्यांचा विचार आजवर मुख्यतः दोन अंगांनी झाला आहे. पहिल्या पद्धतीत त्यांना निव्वळ करमणूक मानून सोडून दिले जाते. माडाची झाडे, चांदणे, फुलांच्या माळा, गिटारीचा लांबणारा स्वर. त्यात विचार करण्यासारखे काय आहे, असा तिचा भाव असतो. दुसरी पद्धत एडवर्ड सैद यांच्या १९७८च्या ग्रंथानंतर रूढ झाली. तीत या चित्रपटांवर वसाहतवादी दृष्टीचा शिक्का मारला जातो आणि शिक्का मारला की काम संपते. ही दुसरी पद्धत चुकीची आहे असे मला वाटत नाही. ती आळशी आहे एवढेच. मुख्य म्हणजे दोन्ही पद्धतींत एक गोष्ट समान आहे. या चित्रपटांचे वाचन त्या डोळ्यांनी करतात. जे चित्रपट गाण्यासाठी जन्माला आले त्यांच्याकडे कानाने पाहिले तर काय हाती लागते, हे तपासण्याचा प्रयत्न येथे केला आहे.

आरंभ तंत्रापासून करावा लागतो. १९२८ मध्ये मेट्रो-गोल्डविन-मेयर या कंपनीचा 'व्हाइट शॅडोज इन द साऊथ सीज' हा चित्रपट प्रदर्शित झाला. ध्वनिमुद्रित संगीत व आवाज जोडून त्या कंपनीने काढलेला हा पहिला चित्रपट होय. चित्रीकरण ताहितीत झाले. काम सुरू झाले तेव्हा 'नानूक'कार रॉबर्ट फ्लॅहर्टी त्यात होते. पुढे ते बाजूला झाले आणि डब्ल्यू. एस. व्हॅन डाइक यांनी चित्रपट पुरा केला. क्लाइड डी विना यांना त्यातील छायालेखनासाठी ऑस्कर मिळाले. तेथील पाण्यावरचा प्रकाश आजही पाहणाऱ्याला थांबवतो. पण ताहितीला गेला तो कॅमेरा. ध्वनियंत्र गेले नाही. बेटावरून जे आले ते मूक होते आणि संगीत, गलबला, वाऱ्याचा आवाज ही सारी भर हजारो मैल दूर अमेरिकेत घातली गेली. प्रेक्षकाला जे बेट ऐकू आले ते बेटावर कधी वाजलेच नव्हते.

हा केवळ तांत्रिक तपशील मानून पुढे जाता आले असते. परंतु याच चित्रपटात एक लहानसा प्रसंग आहे. गोरा डॉक्टर बेटावरील तरुणीला शीळ घालायला शिकवतो. नव्याने हाती आलेल्या ध्वनीचा गमतीचा वापर, एवढाच त्याचा हेतू असावा. तरीही मोती काढणाऱ्या पाणबुड्यांना व्यापारी कसे नागवतात हे पोटतिडकीने सांगणाऱ्या आणि गोऱ्यांच्या सावलीलाच शीर्षकात दोष देणाऱ्या चित्रपटात, बेटावरची मुलगी प्रेक्षकाच्या कानाशी जो आवाज घेऊन येते तो तिला पाहुण्याने शिकवलेला असतो, याकडे दुर्लक्ष करता येत नाही. दृश्याचा आरोप आणि ध्वनीचे वर्तन ही येथे एकाच दिशेने जात नाहीत. ही फारकत पुढच्या चित्रपटांत वाढत गेली.

त्या दृष्टीने व्हॅन डाइक यांचाच 'द पेगन' (१९२९) हा चित्रपट या साऱ्या परंपरेचा खरा आरंभबिंदू आहे. हाही ताहितीच्या परिसरात चित्रित झाला. नायक हेन्री हा गोऱ्या बापाचा आणि बेटावरील आईचा मुलगा. त्याच्या मालकीची जमीन आहे, माड आहेत, दुकान आहे. पण हिशेब ठेवणे त्याला जमत नाही आणि जमवावेसे वाटतही नाही. रामोन नोवारो यांनी ही भूमिका केली. चित्रपटात बोललेला संवाद नाही. पात्रांचे बोलणे मूकपटाच्या रीतीने पाट्यांवर वाचायला मिळते. मात्र नायक गातो तेव्हा नोवारो यांचा आवाज ऐकू येतो. म्हणजे या माणसाला गाता येते, बोलता येत नाही.

आपल्याकडील वाचकाला या विचित्रपणाची जाणीव अधिक तीव्रतेने व्हावी. १८८०च्या 'संगीत शाकुंतल'पासून मराठी रंगभूमीने गद्य आणि पद यांचा एक सलग व्यवहार घडवला. पात्र बोलता बोलता गाऊ लागते, गाऊन झाले की त्याच मुद्द्यावर पुन्हा बोलते, आणि पदात ते काही सांगत, विनवत, भांडतही असते. १९३२चा 'अयोध्येचा राजा' हा बोलपट याच सवयीतून उभा राहिला. तेथे गोविंदराव टेंबे आणि दुर्गाबाई खोटे यांची पात्रे गातात ती बोलणाऱ्या माणसांसारखी. 'द पेगन'मधील हेन्रीच्या गाण्याला बोलण्याचा असा शेजारच नाही. तो झाडावरच्या पाखरासारखा गातो. हे त्या वर्षीच्या तंत्राच्या मर्यादेमुळे घडले हे मान्य. पण चित्रपटसृष्टीला ही मर्यादा गैरसोयीची वाटली नाही. उलट बेटावरचा माणूस असाच असतो, ही समजूत त्यातून पक्की झाली.

त्या गाण्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. 'पेगन लव्ह साँग' हे नॅसिओ हर्ब ब्राऊन आणि आर्थर फ्रीड या जोडीचे. 'सिंगिंग इन द रेन' हे गाणेही याच जोडीने त्याच वर्षी पडद्यावर आणले. निसर्गपुत्राचे म्हणून दिलेले हे प्रेमगीत वॉल्ट्झच्या तीन मात्रांच्या ठेक्यात आहे. म्हणजे युरोपातील नृत्यशाळेचा ठेका त्याच्या ओठी आहे. यात थट्टा करण्यासारखे बरेच असले तरी चित्रपट पाहताना थट्टा करावीशी वाटत नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवायला हवे. नोवारो यांच्या आवाजात कसलेला गायकीपणा फारसा नाही. एक संकोच आहे, आणि तो संकोच त्या पात्राला शोभतो. गाणे लबाड असूनही गाणारा खरा वाटतो. समीक्षेला अडचणीत टाकणारी गोष्ट हीच आहे.

कथेचा कणा मात्र गाण्यात नाही. तो कागदात आहे. हेन्रीला प्रतिष्ठित व्यापारी व्हायचे असते, कारण त्याशिवाय हवी ती मुलगी मिळणार नाही. आणि कर्जाच्या व्यवहारात गोरा व्यापारी स्लेटर त्याला गुंतवतो. हे पाहताना मला बाबूराव पेंटर यांचा १९२५चा 'सावकारी पाश' आठवतो. ना. ह. आपट्यांच्या कथेवरील त्या मूकपटातही शेतकऱ्याची जमीन कागदाच्या वाटेने जाते. कोल्हापूर आणि ताहिती यांना जोडणारा हा धागा ओढून आणलेला नाही. लिहिलेल्या शब्दावर ज्याचा ताबा आहे तो न बोलताही जिंकतो, हे दोन्हीकडे दिसते. पेंटरांनी शेतकऱ्याला मूक ठेवले, कारण सारा चित्रपटच मूक होता. व्हॅन डाइक यांनी आपल्या नायकाला सूर दिला आणि शब्द पाट्यांवर ठेवले.

शब्द आणि सूर यांची ही वाटणी पुढील दहा वर्षांत एक संकेत बनली. भूमिकावाटपातही तो दिसतो. नोवारो मेक्सिकोतील दुरांगोचे, 'व्हाइट शॅडोज'मधील राकेल तोरेस मेक्सिकोच्या, आणि किंग विडोर यांच्या 'बर्ड ऑफ पॅरडाइज' (१९३२) मध्ये बेटाच्या राजकन्येचे, लुआनाचे, काम करणाऱ्या डोलोरेस डेल रिओ याही मेक्सिकोच्याच. हॉलिवूडच्या लेखी सावळेपणा ही एकच जात होती. तिला गाव नव्हते. विडोर यांचा चित्रपट काटेकोर अर्थाने संगीतपट नव्हे, परंतु मॅक्स स्टायनर यांचे संगीत त्यात जवळजवळ अखंड वाहते आणि नृत्यांची रचना, श्रेयनामावलीत नाव नसले तरी, बझ्बी बर्कली यांची आहे. लुआना तिच्या भाषेत बोलते ते प्रेक्षकाला समजावून देण्याची गरज चित्रपटाला वाटत नाही. तिचे बोलणे संगीताचाच एक भाग म्हणून ऐकायचे. तिला शब्द मिळतात ते प्रियकराकडून, एकेक करून, इंग्रजीत. अखेरीस ती ज्वालामुखीला अर्पण होण्यासाठी परत जाते. डेल रिओ यांनी हे सारे विलक्षण शारीर उमजेने केले आहे. पटकथेने न दिलेली बुद्धी त्या डोळ्यांतून देतात.

येथे वाद घालणारा म्हणेल की बेटावरची माणसे त्या काळी खरोखरच गात-नाचत होती. चित्रपटाने तेवढेच घेतले तर बिघडले कोठे? याला उत्तर इतिहासाने द्यावे. हवाई बेटांवर १८३४ मध्येच हवाईयन भाषेत वृत्तपत्र निघाले होते, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे वाचणारा-लिहिणारा समाज होता. 'अलोहा ओए' हे जगभर गेलेले गीत १८७८ मध्ये रचणाऱ्या लिलिउओकलानी पुढे राणी झाल्या, १८९३ मध्ये पदच्युत झाल्या, १८९५ मध्ये स्वतःच्याच राजवाड्यात कैदेत राहिल्या आणि तेथेही गीतरचना करीत राहिल्या. म्हणजे येथे गाणे हे शब्दांचे, तेही विचारपूर्वक योजलेल्या शब्दांचे, माध्यम होते. पदच्युतीनंतर तीनच वर्षांनी, १८९६ च्या कायद्याने, शाळांचे माध्यम इंग्रजी केले गेले. १८९८ मध्ये बेटे अमेरिकेत विलीन झाली. चित्रपट आले तेव्हा या शाळांतून बाहेर पडलेली पिढी प्रौढ झाली होती. एकीकडे वर्गातून भाषा जात होती आणि दुसरीकडे पडद्यावर तिच्या सुरांना जगभर टाळ्या मिळत होत्या. या दोन घटनांत कार्यकारणभाव आहे असा माझा दावा नाही. परंतु त्या एकाच काळात घडल्या, आणि मातृभाषा जेथे व्यवहाराची भाषा नाही अशा शहरात मराठीच्या वर्गाला शिकवताना ही गोष्ट विसरणे मला तरी जड जाते. (हवाईयनला राज्यभाषेचा दर्जा पुन्हा मिळाला तो १९७८च्या घटनादुरुस्तीने.)

या परंपरेला एक मोठा अपवाद आहे तो एफ. डब्ल्यू. मुर्नाऊ यांच्या 'टाबू' (१९३१) या चित्रपटाचा. बोलपट सर्वत्र रूढ झाल्यावर मुर्नाऊ यांनी हेतुपुरस्सर मूक चित्रपट काढला, बोरा बोरावर, आणि तोही मुख्यतः तेथल्याच माणसांना घेऊन. जोडलेले संगीत ह्यूगो रीझेनफेल्ड यांचे, आणि ते पूर्णपणे युरोपीय घडणीचे आहे. तरीही येथे फसवणूक जाणवत नाही, कारण कोणी कोणाच्या तोंडी खोटे सूर घालत नाही; संगीत बाहेरचे आहे हे उघड आहे. या चित्रपटातही नायक न कळणाऱ्या कागदावर सही करतो आणि कर्जात बुडतो. मुर्नाऊ यांनी ते प्रसंग इतके शांतपणे घेतले आहेत की पाट्यांचीही फारशी गरज पडत नाही. प्रथम प्रदर्शनाच्या आठवडाभर आधी त्यांचा अपघाती मृत्यू झाला आणि त्यांची ही वाट तेथेच थांबली.

थांबली नाही ती दुसरी वाट, हॉटेलांची आणि जाहिरातींची. १९२७ मध्ये वाइकिकीच्या किनाऱ्यावर रॉयल हवाईयन हॉटेल उघडले, १९३५ पासून 'हवाई कॉल्स' हा रेडिओ कार्यक्रम लाटांच्या आवाजासह अमेरिकेच्या घराघरांत जाऊ लागला, आणि १९३७ मध्ये पॅरामाउंटचा 'वाइकिकी वेडिंग' आला. या चित्रपटाला समीक्षक सहसा हसून बाजूला सारतात. माझ्या मते या सर्व चित्रपटांत स्वतःविषयी सर्वांत खरे बोलणारा चित्रपट हाच आहे, जरी ते त्याला ठाऊक नसले.

नायक टोनी मार्व्हिन म्हणजे बिंग क्रॉस्बी. तो एका अननस कंपनीचा प्रसिद्धीप्रमुख आहे. कंपनीने 'अननस-सुंदरी'ची स्पर्धा घेतली आहे आणि बक्षीस म्हणून हवाईला आलेली मुलगी कंटाळली आहे. तिला जाहिरातीतले बेट कोठे दिसतच नाही. ती परत गेली तर कंपनीची फजिती होणार. मग टोनी तिच्यासाठी एक साहस रचतो. पवित्र मोती, क्षुब्ध देव, रागावलेला ज्वालामुखी आणि त्याला शांत करण्याचे विधी ही सारी पगारी व्यवस्था आहे. पाचच वर्षांपूर्वी ज्या ज्वालामुखीसाठी लुआनाने प्राण दिले, तो येथे अननस कंपनीच्या प्रसिद्धी खात्यात कामाला लागला आहे! बहुतांश चित्रीकरण हॉलिवूडच्या स्टुडिओत झाले हे येथे दोष न वाटता कथेशी सुसंगतच वाटते. ज्या बेटसमूहातील लानाई हे आख्खे बेट १९२२ मध्ये एका अननस उद्योजकाने विकत घेतले, तेथील कथेत मळ्यात राबणाऱ्या जपानी, फिलिपिनो मजुरांना कोठेच आवाज नाही. कंपनी आहे, अननस आहे, अननस कापणारा हात नाही.

या चित्रपटातील 'स्वीट लेलानी' या गाण्याला १९३७च्या सर्वोत्कृष्ट गीताचे ऑस्कर मिळाले. त्याच वर्षी निधन पावलेल्या जॉर्ज गर्श्विन यांचे गीत मागे पडले, आणि त्याबद्दल संगीतरसिक आजही कुरकुरतात. गाण्याचे कर्ते हॅरी ओवेन्स हे मुख्य भूमीवरून आलेले, रॉयल हवाईयन हॉटेलातील वाद्यवृंदाचे प्रमुख. १९३४ मध्ये झालेल्या आपल्या मुलीसाठी त्यांनी ते रचले. मुळात बापाने लेकीसाठी रचलेले हे गाणे चित्रपटातून प्रेमगीत म्हणून जगभर गेले आणि पुढे पर्यटकांच्या स्वागताचे गाणे झाले. हवाईत अशा गाण्यांना 'हापा हाओले' म्हणजे 'अर्धी परकी' म्हणत : शब्द इंग्रजी, वळण बेटाचे. हा शब्द बेटावरच्या लोकांचा आहे आणि त्यात तक्रारीपेक्षा नेमकेपणा अधिक आहे. समीक्षकांनी याहून चांगली संज्ञा अजून दिलेली नाही. क्रॉस्बी यांचे गाणे मात्र निर्दोष आहे. तो आवाज कोणाचेही काही घेत असल्यासारखा वाटत नाही, इतका तो आरामात असतो. म्हणूनच त्याची किंमत ऐकणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

त्यानंतरच्या चित्रपटांचा विस्तार करण्यात अर्थ नाही. 'साँग ऑफ द आयलंड्स' (१९४२) मध्ये बेटावरील स्त्रीला शब्दांसकट गाणे मिळते खरे. हिलो हॅटी या मूळच्या शिक्षिका असलेल्या हवाईयन कलावतीला. पण ते विनोदी म्हणून. प्रेमाचे शब्द बेटी ग्रेबल यांच्याकडे राहतात. चित्रपट आला तेव्हा पर्ल हार्बरवर बाँब पडून काही महिनेच झाले होते, आणि पडद्यावरचे बेट तसेच चांदण्यात होते.

आता कानाने ऐकण्याच्या प्रतिज्ञेकडे परत येऊ. पडद्यावर बेटवासीयाचे चेहरे मेक्सिकन होते, शब्द न्यूयॉर्क-कॅलिफोर्नियाचे होते; मग बेटाचे असे काही उरले होते का? उरले होते, आणि ते दिसत नव्हते. हवाईयन गिटार. तारांवरून पोलादी पट्टी सरकवण्याची युक्ती ज्यांच्या नावावर आहे ते जोसेफ केकुकु ओआहूवरील लाइए गावचे. 'बर्ड ऑफ पॅरडाइज' हे आधी नाटक होते. १९१२ मध्ये ते न्यूयॉर्कला आले तेव्हा रंगमंचावर पाच हवाईयन वादक होते, आणि केकुकु यांनी १९१९ पासून त्याच नाटकाबरोबर युरोप पालथा घातला. ते वारले १९३२ मध्ये, म्हणजे चित्रपट आला त्याच वर्षी. होनोलुलुचे सोल होओपिई लॉस एंजेलिसमध्ये स्थिरावून स्टुडिओंसाठी वाजवत होते. या ध्वनिपट्ट्यांवर गोऱ्या गायकाच्या ओळी संपतात आणि दोन ओळींच्या मध्ये गिटार जी एक मींड घेते, ती कोणा पटकथाकाराने लिहिलेली नसते. बेटवासी पडद्यावर दिसतो तेव्हा तो बेटवासी नसतो, आणि खरोखर असतो तेव्हा तो दिसत नाही. दृश्यावर आधारलेल्या समीक्षेतून तो दोन्ही वेळा निसटतो.

आणि आपल्यापर्यंत जे पोहोचले तेही चित्रपट नव्हेत, ही गिटारच होय. केकुकु यांच्याच लाइए गावात वाढलेले टाऊ मो हे कुटुंबासह जगभर कार्यक्रम करीत १९४०च्या दशकात काही वर्षे तेव्हाच्या कलकत्त्यात राहिले. तेथील वादकांनी हे वाद्य उचलले आणि त्यावर रवींद्रसंगीत वाजू लागले. मुंबईत व्हॅन शिपले यांनी चित्रपटगीतांच्या ध्वनिमुद्रिका काढल्या. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात ब्रिजभूषण काब्रा यांनी 'कॉल ऑफ द व्हॅली'त शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरासिया यांच्यासोबत त्यावर राग वाजवले. मींड तर त्या वाद्यात आधीपासूनच होती.

माझ्या लहानपणी आकाशवाणीवर दोन कार्यक्रमांच्या मधल्या रिकाम्या मिनिटांत अशा ध्वनिमुद्रिका लागत. निवेदकाची वाट पाहताना घरातले कोणी ना कोणी गिटारीबरोबर शब्द गुणगुणू लागे. आई चुकीचा शब्द घाली आणि मावशी तो दुरुस्त करी. वाद्याने शब्द गाळलेले असत, पण ऐकणाऱ्यांना ते पाठ असत. लाइएतल्या एखाद्या घरी 'वाइकिकी वेडिंग'मधली गिटार ऐकताना कोणी कोणते शब्द गुणगुणले असतील, ते त्या चित्रपटाच्या ध्वनिपट्टीवर नाहीत.